‘आजअखेर’चे गणित

दिवाळी सरली की श्रीरामपूरच्या आसमंतात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात तीन आकडे प्रसिद्ध होऊ लागतात: आजअखेर गाळप, आजअखेर साखर उत्पादन आणि उतारा. पहिले दोन आकडे दिवसेंदिवस वाढत जातात. तिसरा मात्र कधी वर चढतो, कधी खाली उतरतो. असे का व्हावे, आणि या तिसऱ्या आकड्याचा आजअखेरचा हिशेब कसा मांडावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्या भागास परका नाही. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना होता. पुढे १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हा उतारा हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी घरीच ऐकलेला असतो. शंभर टन ऊस गाळला असता जितके टन साखर हाती येते, तितके टक्के उतारा, इतकाच त्याचा अर्थ.

आता मापांच्या दोन जाती ध्यानात घेऊ. गाळलेला ऊस व तयार झालेली साखर ही मूळ मापे होत. ती काट्यावर तोलता येतात. उतारा हे अवलंबित माप होय. तो कोणत्याही काट्यावर तोलता येत नाही. दोन मूळ मापांच्या भागाकारातून तो जन्म पावतो. मूळ मापांची चालती बेरीज करणे अगदी सोपे: कालच्या बेरजेत आजचा आकडा मिळवावा, की झाले. अवलंबित मापास हा न्याय लावला म्हणजे हिशेब फसतो.

एका काल्पनिक कारखान्याचे चार दिवस पाहू.

पहिला दिवस: ऊस १५०० टन, साखर १५० टन, उतारा १० टक्के.
दुसरा दिवस (यंत्र बिघडले): ऊस ५०० टन, साखर ४० टन, उतारा ८ टक्के.
तिसरा दिवस: ऊस २५०० टन, साखर २७५ टन, उतारा ११ टक्के.
चौथा दिवस: ऊस १५०० टन, साखर १५० टन, उतारा १० टक्के.

चार उताऱ्यांची बेरीज ३९ टक्के, असे कोणी म्हणणार नाही. तो आकडा निरर्थक आहे हे पोरासही कळेल. परंतु त्या ३९ ला चाराने भागून ९.७५ हा सरासरी उतारा काढण्याचा मोह मात्र भल्याभल्यांना होतो. खरे पाहता चार दिवसांत ऊस ६००० टन गाळला व साखर ६१५ टन झाली. म्हणून आजअखेरचा उतारा १०.२५ टक्के. पहिल्या रीतीत ५०० टनांच्या मोडक्या दिवसास २५०० टनांच्या भरभक्कम दिवसाइतकेच वजन मिळाले, हाच तिचा दोष.

अर्ध्या टक्क्याने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये ठरविला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला वा घटला की दर ३.४६ रुपयांनी वाढतो वा घटतो, ९.५ टक्के वा त्याखालील उताऱ्यास मात्र ३२९.०५ रुपये कायम. हा उतारा एका दिवसाचा नव्हे, साऱ्या हंगामाचा धरतात. वरील चूक हंगामभर तशीच चालली, तर क्विंटलमागे १७.३० रुपये, म्हणजे टनामागे १७३ रुपये कमी भरतील. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे १७,३०० रुपये केवळ एका चुकीच्या भागाकारात बुडावयाचे!

यावरून नियम निघतो तो असा: आधी मूळ मापांची चालती बेरीज स्वतंत्रपणे करावी, मग भागाकार करावा. वरील उदाहरणात चालता ऊस १५००, २०००, ४५००, ६००० टन. चालती साखर १५०, १९०, ४६५, ६१५ टन. आणि चालता उतारा १०, ९.५, १०.३३, १०.२५ टक्के. तिसरा आकडा वरखाली का होतो, हे आता निराळे सांगावयास नको.

हल्ली असे अहवाल संगणक मांडतो. प्रत्येक तारखेस तो हंगामाच्या आरंभापासून त्या दिवसापर्यंतच्या नोंदी गोळा करून माप नव्याने काढतो. परंतु तो आज्ञाधारक सेवक आहे, विचारी नव्हे. उताऱ्यांची सरासरी काढ म्हटले, तर तीही बिनचूक काढून देईल. म्हणून आज्ञा देणाऱ्याने आणखी तीन गोष्टींस जपावे. आजअखेरचे आकडे पुन्हा एकमेकांत मिळवू नयेत. वरच्या चार चालत्या बेरजा मिळविल्यास ६००० टन उसाचा १४,००० टन होईल. गाळप बंद असलेल्या दिवशी उतारा शून्य लिहू नये. त्या दिवशी उतारा नसतोच, आजअखेरचा आकडा कालचाच राहतो. आणि नवा हंगाम लागताच बेरीज पुन्हा शून्यापासून धरावी.

कित्येक मापे तर मिळवावयाचीच नसतात. रोजचा पाऊस मिळवावा, तो ऋतूचा पाऊस होतो. पण भंडारदऱ्याचा रोजचा पाणीसाठा मिळवू लागलो, तर कागदावर धरण दहादा भरेल आणि शेतास एक थेंबही अधिक मिळणार नाही. तेथे शेवटच्या दिवसाचा आकडाच खरा.

विद्यार्थिमित्रांनो, स्वतःच्या गुणपत्रिकेवरच हा नियम लावून पाहा. चाचणीत ५० पैकी ४० गुण, म्हणजे ८० टक्के. वार्षिक परीक्षेत १५० पैकी ६०, म्हणजे ४० टक्के. एकंदर ६० टक्के मिळाले म्हणून हर्ष मानाल, तर फसाल. २०० पैकी १०० म्हणजे ५० टक्केच. शुभवर्तमानातील धन्याने आपल्या कारभाऱ्याकडे हिशेब मागितला, ती कथा आपणांस ठाऊक आहे. हिशेब देणाऱ्याची दानत चांगली हवी हे खरेच. पण रीत चुकली तर चांगल्या दानतीच्या हातूनही दुसऱ्याच्या घामाचे मोल घटते. टक्केवारी पुढ्यात आली की ती कशाला कशाने भागून आली, एवढे प्रथम विचारावे.