गडावरचा सूर्योदय आणि छायाचित्र

पहाटेच्या अंधारांत गड चढावा, सूर्यबिंब दिसतांच कॅमेऱ्याची कळ दाबावी, आणि घरीं येऊन पाहावें तों चित्रांत एक पांढरा ठिपका व भोंवतीं काळोख! हा अनुभव पुष्कळांस येतो. असें कां व्हावें?

आपला डोळा उजळ आकाश आणि काळोखी दरी हीं दोन्ही एकाच वेळीं पाहूं शकतो. कॅमेऱ्यास, मग तो जुना फिल्मचा असो कीं आजच्या मोबाइलमधला, तितकें सामर्थ्य नसतें. म्हणून प्रकाशाचें माप बिंबाच्या बाजूच्या आकाशावरून घ्यावें; म्हणजे सुळके काळ्या आकृतींसारखे रेखीव उठतात. कातळाचा पोत हवा असेल तर मात्र सूर्य एका बाजूस ठेवावा.

अकोले तालुक्यांतील रतनगडाचेंच उदाहरण घ्या. त्याच्या माथ्यावर नेढें, म्हणजे कातळांतील आरपार भोंक आहे. हा सारा प्रदेश सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर साचून बनला. सकाळच्या तिरप्या उन्हांत प्रत्येक थराची कड खालच्या थरावर छाया टाकते, आणि ते थर मोजतां येतील इतके स्पष्ट होतात. दुपारीं तोच कडा सपाट दिसतो.

उगवतीच्या लालीचें कारणहि सांगतों. क्षितिजावरून येणाऱ्या किरणांना माथ्यावरच्या किरणांपेक्षां सुमारें ३८ पट हवा ओलांडावी लागते. वाटेंत निळा प्रकाश विखुरतो व तांबडा उरतो. याची उपपत्ति लॉर्ड रॅले यांनीं १८७१ सालीं मांडली. आपल्याकडे बिंब पूर्ण वर येण्यास अवघीं सव्वादोन ते अडीच मिनिटें लागतात. तेव्हां तिपाई आधींच मांडून ठेवावी. जागाहि ऋतु पाहून निवडावी. जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेच्या सुमारें २५ अंश उत्तरेस उगवतो, तर डिसेंबरांत तितकाच दक्षिणेस. जूनमध्यें सुळक्याशेजारीं दिसलेलें बिंब डिसेंबरांत तेथें सांपडणार नाहीं.

शेवटीं दोन सूचना. भिंगांतून सूर्याकडे डोळा लावून पाहूं नये. दृष्टीस कायमची इजा होऊं शकते. आणि चौकटींत पाहतां पाहतां पाऊल मागें सरकतें, त्याचें भान राहत नाहीं. शाळेच्या सहलींत मुलांना माझा एकच नियम असे: कड्यापासून दूर, आधीं खालीं बसा, मग कॅमेरा उचला. सूर्य उद्यांहि उगवणार आहे. आपणहि तो पाहावयास हवें.