मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अर्ज मंजूर, रक्कम अप्राप्त

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाराष्ट्रात ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरला जातो. त्याची पहिली छाननी महाविद्यालयातच होते. अर्ज मंजूर होऊनही रक्कम मिळत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा बँक खात्याच्या जोडणीत असतो. आधार-आधारित पद्धतीत रक्कम आधारशी सर्वांत शेवटी संलग्न झालेल्या खात्यात जाते. विद्यार्थी ज्या खात्याकडे डोळे लावून बसतो, त्यात जाईलच असे नाही. मोबाईलच्या दुकानात सहज उघडलेले व पुढे विस्मरणात गेलेले खातेही ते असू शकते. कोणते खाते संलग्न आहे, हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. छाननीच्या वेळीच ही खातरजमा व्हावी. तोवर थकीत शुल्कापायी विद्यार्थ्याचे परीक्षा प्रवेशपत्र अडविणे अन्यायाचेच ठरते.