मंडईच्या मापात लाव्हा

भाऊबीज झाली की बालाघाटजवळच्या कटंगीच्या आसपास मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आज इथली, उद्या पलीकडच्या गावची, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, शिंगाड्यांचे आणि उसाचे ढीग लागतात, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्री दंडार हे लोकनाट्य रंगतं. पाऊस संपून पायवाटा वाळण्याचा हाच काळ भूवैज्ञानिकांच्याही कामाचा. आमची मंडई आणि त्यांचा हातोडी-होकायंत्राचा हंगाम बरोबरच उजाडतो.

लुईस ली फर्मर हा लंडनचा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागला आणि आमच्या मुलखात खडक शोधत फिरला. बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज त्यानं बारकाईनं अभ्यासलं, १९०९ साली हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला आणि इथल्या मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. जगभरच्या खडकांच्या पुस्तकांत आमचे गोंड असे जाऊन बसले, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या कामाबद्दल. १९१६ साली त्यानं सहकारी सिरिल फॉक्ससोबत छिंदवाड्याजवळच्या लिंगा गावातल्या थिजलेल्या लाव्हावर निबंध प्रसिद्ध केला. ज्वालामुखीच्या लाव्हाचा अभ्यास चालला होता, पण इथे डोंगरातून धूर निघत नव्हता. ज्वालामुखी विझून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली होती.

हा थिजलेला लाव्हा म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. आज उरलाय तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर. कोयनेजवळ छिद्र पाडलं, तेव्हा तो ९३३ मीटर खोल जाऊन संपला. मूळचा लाव्हा किती, याचा सावध अंदाजही १० लाख घनकिलोमीटरच्या आसपास जातो. हा आकडा नुसता वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून तो आजच्या महाराष्ट्रावर सारखा पसरून पाहू. ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या राज्यावर सव्वातीन किलोमीटर जाडीचा थर बसतो. कळसूबाईच्या उंचीवर आणखी एक कळसूबाई रचावी, जवळपास तेवढा.

तुलनेसाठी, आइसलँडमधल्या लाकी या ज्वालामुखीचा उद्रेक १७८३ च्या जूनमध्ये सुरू होऊन आठ महिने चालला. लाव्हा निघाला सुमारे १५ घनकिलोमीटर. विषारी वायूंनी निम्म्याहून अधिक गुरं मेली आणि मागाहून आलेल्या दुष्काळात देशातली पाचव्या हिश्शाइतकी माणसं गेली. दख्खनच्या लाव्हात अशा जवळपास ६७ हजार लाकी मावतात. बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आत आला, म्हणजे सरासरीनं दर पंधरा वर्षांनी एक लाकी, तेही दहा लाख वर्षं. प्रत्यक्षात तो एकसारखा वाहिला नाही. तो लोटांनी आला आणि मधे मोठी विश्रांती घेत राहिला. त्या विश्रांतीत माती झाली, तळी साठली, झाडं वाढली. छिंदवाड्याच्या मोहगावकलान इथे त्या झाडांचे, फळांचे जीवाश्म लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडतात. काही लोट तर पश्चिमेकडून दऱ्यांतून हजारएक किलोमीटर वाहत राजमहेंद्रीपर्यंत पोचले असावेत, असं संशोधक मानतात.

आमच्याकडे मात्र काळं कातळ नाही. शिवनी-छिंदवाड्याच्या पठारावर बेसाल्ट, आणि इकडे कटंगी-तिरोडीला त्याहून फार जुना खडक. तिकडे काळी कपाशीची माती, इकडे धानाची बांधी. पावसाचाही हात आहे त्यात, पण मंडईत पोहे-मुरमुरे दिसतात त्यामागे हा खडकही आहे, असं मी मानतो.

आता वेळ मोजू. एका वर्षीच्या मंडईपासून पुढच्या वर्षीच्या मंडईपर्यंत एक मिलिमीटर, असं धरू. सत्तरी गाठलेल्या आजीचं सगळं आयुष्य सात सेंटिमीटर, तळहाताच्या रुंदीएवढं. दख्खनचा लाव्हा सहासष्ट किलोमीटर मागे. कटंगीहून निघालं तर बालाघाट ओलांडूनही पुढे जावं लागेल. त्या वाटेवर लाव्हा वाहत होता तो पट्टा जेमतेम एक किलोमीटरचा. मँगनीजचा खडक शंभर कोटी वर्षांच्या घरातला, त्यासाठी नागपूर-मुंबई रेल्वेच्या ८३७ किलोमीटरांहूनही लांब जायला हवं. आणि गोंडाइटला नाव देणारा फर्मरचा तो ग्रंथ? तो वीतभर अंतराच्याही आत, जवळजवळ पायाशीच पडलेला.