जोडून ठेवायचं, पण कुठवर?

अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेटची, म्हणजे एडीसीची चर्चा निघाली की कौतुक अँटिबॉडीचं होतं, नाहीतर तिच्यावर लादलेल्या जहाल औषधाचं. दोघांना बांधणाऱ्या लिंकरचं नाव क्वचितच निघतं. मागे वळून पाहताना मला वाटतं, या क्षेत्राला सर्वाधिक शिकवलं ते त्यानेच.

मे 2000 मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावरच्या मायलोटार्ग या एडीसीला मंजुरी मिळाली. त्यातला हायड्रॅझोन लिंकर आम्लात तुटणारा. रक्ताचा पीएच 7.4, पेशीतल्या लायसोसोमचा 5च्या आसपास. सारी भिस्त या फरकावर. पण तो रक्तातही थोडाथोडा सुटत असे. पुढच्या चाचणीत फायदा दिसेना, सुरुवातीचे मृत्यू वाढले आणि 2010 मध्ये औषध मागे घेतलं गेलं. तरीही सगळं खापर लिंकरवर फोडणं अन्यायाचं होईल. तेच औषध, त्याच लिंकरसह, 2017 मध्ये कमी आणि विभागलेल्या डोसात परतलं.

2011च्या ॲडसेट्रिसमध्ये आम्लाऐवजी एन्झाइमवर विसंबलं गेलं. व्हॅलिन-सिट्रुलिनच्या जोडीपुढे कॅथेप्सिनची कात्री चालली की मधला बेन्झिल तुकडा आपोआप गळतो आणि औषध मूळ रूपात मोकळं होतं. गळणाऱ्या तुकड्याची ही कल्पना 1981 मधली. औषधात उतरायला तीस वर्षं लागली.

2013च्या कॅडसायलाचा लिंकर तुटतच नाही. अख्खी अँटिबॉडी पचल्यावर औषध लायसिनचं शेपूट घेऊनच बाहेर येतं आणि विद्युतभारामुळे शेजारच्या पेशीत सहसा शिरत नाही. कॅडसायलातलीच अँटिबॉडी, ट्रास्टुझुमॅब, 2019च्या एनहर्टूत चार अमिनो आम्लांच्या तुटणाऱ्या लिंकरसह आली. तिचं औषध शेजारीही पोहोचतं. औषधही वेगळं असल्याने सगळं श्रेय लिंकरला देता येत नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे.

असे लिंकर जोडताना प्रयोगशाळेत टीसीईपी या रसायनाने अँटिबॉडीच्या साखळ्यांमधल्या चार डायसल्फाइड बंधांपैकी काही उघडतात, डीएमएसओतलं मॅलेइमाइड लिंकर-औषध घालतात. मग एचआयसी कॉलमवर दर अँटिबॉडीमागे 0, 2, 4, 6, 8 औषधांचे पीक ओळीने उमटतात. इतकं नेटकं काम करूनही व्हॅलिन-सिट्रुलिनची जोडी उंदराच्या रक्तातच फुटायची. 2016 मध्ये कारण सापडलं: उंदराच्या प्लाझ्मातलं सीईएस1सी हे एन्झाइम. माणसाच्या प्लाझ्मात ते नाही, म्हणजे उंदरात फसलेला लिंकर माणसात टिकूही शकतो. 2018 मध्ये जोडीपुढे ग्लुटामिक आम्ल लावून हे फुटणं थोपवलं गेलं. म्हणूनच नवा लिंकर ट्यूमर असलेल्या उंदरापर्यंत नेण्याआधी उंदराच्या आणि माणसाच्या अशा दोन्ही प्लाझ्मात ठेवून पाहायलाच हवा.