स्वतःच्या नांवानें गूळ विकूं इच्छिणाऱ्यांस

राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं कोल्हापुरांत शाहुपुरी ही व्यापारपेठ वसविली, आणि गुळाच्या व्यापारास तेथें हक्काचें ठिकाण मिळालें. तेव्हांपासून या भागांतील गूळ दूरदूरच्या प्रांतांत गेला. परंतु तो करणाऱ्याचें नांव अडत्याच्या दुकानापलीकडे फारसें गेलें नाहीं. सौद्यांत रंग पाहावयाचा, कण पाहावयाचा व बोली करावयाची, ही रीत. पिंवळ्या रंगास दाम अधिक, म्हणून काहिलींत हायड्रॉस टाकण्याचा मोह होतो. या भुकटीनें गूळ त्या दिवशीं उजळ दिसतो. पण गंधकाचा अंश त्यांत राहतो, आणि साठवणींत रंग पुन्हां काळवंडतो. जो गृहस्थ केवळ भेंडीच्या चिकानें रस निवळवितो, त्याचा तांबूस गूळ या सौद्यांत मागें पडतो. त्याच्या मेहनतीची पारख करण्यास गिऱ्हाइकाजवळ साधनच नसतें.

तें साधन आतां हातीं आलें आहे. मोबाइल फोनवर घेतलेली दोन मिनिटांची चित्रफीत यूट्यूब, इन्स्टाग्राम अथवा व्हॉट्सॲप यांच्या द्वारें पुण्यामुंबईच्या घरांत त्याच दिवशीं पोंचते. पूर्वीं शेजारचें गिऱ्हाईक गुऱ्हाळावर येऊन, काकवी चाखून गूळ नेत असे; आतां दूरचें गिऱ्हाईकहि चुलाणाशीं उभें राहिल्यासारखें सर्व पाहूं शकतें. यास्तव ज्यांस आपल्या नांवाचा गूळ बाजारांत आणावयाचा आहे, त्यांनीं जाहिरातीवर पैसा घालण्यापूर्वीं आपलें नित्याचें काम लोकांस दाखवावें, असें आमचें मत आहे.

काय दाखवावें

ऊंस वजन करण्यापासून ढेप निघेपर्यंतचा क्रम जसाच्या तसा दाखवावा. चरकांतून आलेला रस गाळणें, भेंडीचा चीक घालणें, वर येणारी मळी काढणें, हीं कामें शहरांतील माणसानें पाहिलेलीं नसतात. काहिलींत तापमापक धरून, सुमारें १०५ ते १०६ अंश सेंटिग्रेडवर काकवी उतरते व ११८ अंशांच्या सुमारास गूळ होतो, हें समजावून द्यावें. गुळव्या थंड पाण्यांत पाक टाकून गोळी कशी पाहतो, हेंहि दाखवावें. त्याच्या हातांतील कसब हीच या मालाची खरी ओळख होय.

प्रत्येक आदणास अनुक्रमांक द्यावा. तोच क्रमांक चित्रफितींत पाटीवर लिहावा व तोच पाकिटावर छापावा, म्हणजे हातीं आलेला गूळ कोणत्या दिवसाचा हें गिऱ्हाइकास ताडून पाहतां येईल. दोन आदणांचा रंग सारखा नसल्यास तें लपवूं नये. चोपण जमिनींतील उंसाच्या गुळास खारटपणा येतो. नत्रखत अधिक झाल्यास गुळाची प्रत व टिकाऊपणा घटतो. हीं कारणें सरळ सांगितलीं असतां विश्वास वाढतो. बिघडलेलें आदण मात्र आपल्या नांवाच्या पाकिटांत भरूं नये.

आरंभ किती मोठा असावा

एका टन उंसापासून सामान्यतः १०० ते १२० किलो गूळ निघतो. पहिल्या हंगामांत इतक्याच मालाचीं किलोकिलोचीं पाकिटें करून विकून पाहावीं. बाकीचा माल नेहमींप्रमाणें सौद्यास पाठवावा. किंमत ठरवितांना घरच्या उंसास फुकट समजूं नये. कारखान्यानें जो दर दिला असता तो धरावा. त्यावर मजुरी, वेष्टन, वाहतूक व फुटतूट यांचा खर्च चढवावा. गूळ हवेंतील ओल ओढून घेतो. म्हणून शक्य तितका माल मृगापूर्वींच रवाना करावा व उरलेला ओल न लागेल असा बांधून ठेवावा.

कायद्याच्या गोष्टी

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें नोंदणी अथवा परवाना घेऊन त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, किंमत, तारीख व पत्ता हींहि आवश्यक आहेत. आपलें चिन्ह व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वयें नोंदवितां येतें. नोंदणी १० वर्षें चालते व पुढें वाढवितां येते. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक निर्देशन मिळालें आहे. परंतु त्याचा वापर करण्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रावांचून ‘सेंद्रिय’ शब्द छापूं नये, आणि मधुमेह्यांस गूळ निर्धोक आहे असें तर कदापि सांगूं नये. गुळांत मुख्य अंश साखरेचाच असतो.

खरी कसोटी

या मार्गांत मोठा धोका यश मिळाल्यावर येतो. मागणी दोनशें पाकिटांची आणि घरांत गूळ शंभरांचा, अशी वेळ आली कीं, दुसऱ्याच्या गुऱ्हाळाचा माल आणून आपल्या पाकिटांत भरण्याची बुद्धि होते. तसें झालें तर दाखविलेलें सर्व काम खोटें ठरतें. सौद्यांत फसलेला व्यापारी एका ढेपेपुरता रागावतो. येथें फसलेलें गिऱ्हाईक ज्या मार्गानें आपली कीर्ति ऐकून आलें, त्याच मार्गानें अपकीर्ति सर्वत्र पसरवितें. अशा वेळीं ‘यंदाचा गूळ संपला, पुढील हंगामांत नांव नोंदवावें’ असें स्पष्ट कळवावें. फार तर शेजारच्या दोनचार बागायतदारांनीं एकाच पद्धतीनें गूळ करण्याचें ठरवून, प्रत्येकाचें गुऱ्हाळ उघडपणें दाखवून, समाईक नांव घ्यावें.

अडत्याच्या दारांत रंगावर भाव ठरतो, तो तेथेंच संपतो. स्वतःच्या नांवाचा भाव मात्र हंगामागून हंगाम आपल्या वागणुकीनें ठरत जातो. ज्यांची काहील लोकांसमोर उघडी ठेवण्याची तयारी आहे, त्यांनीं येत्या हंगामांत एका आदणापासून आरंभ करावा.