दम धरा, पण घरीही!

मराठीत 'दम' या शब्दाने किती संसार थाटले आहेत! आपण दम धरतो, दम खातो, दुसऱ्याला दम देतो आणि काही जण चिलमीचा दमही मारतात. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी यावर तासभर सहज बोलेन. पण आमच्या वाशीम जिल्ह्यात 'काकूला दम लागला' अशी हाक आली की व्याकरण संपते आणि धावपळ सुरू होते.

काकू रिसोडकडच्या खेड्यातली. विडीला जन्मात शिवली नाही. मात्र चाळीस वर्षे पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. लोक म्हणतात दमा; डॉक्टर म्हणाले सी.ओ.पी.डी. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. २०२१ साली या रोगाने जगात सुमारे ३५ लाख माणसे नेली. सरपणाचा धूर हे त्याचे जगातले कदाचित सर्वांत मोठे कारण असावे, असे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते.

काकू इस्पितळातून हसत घरी आली. महिना उलटण्याआत पुन्हा तीच खाट! पहिले पाढे पंचावन्न. अमेरिकेतही पाचांतला सुमारे एक रुग्ण ३० दिवसांत परततो. ऑक्टोबर २०१४ पासून तेथे अशा फेऱ्या फार झाल्या, तर वृद्धांच्या सरकारी विम्यातून इस्पितळाला मिळणारे पैसे कापतात.

पण दोष एकट्या इस्पितळाचा कसा? ते उबळ शमवते. घर मात्र तेच राहते. गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी चुलीवरच. त्यात थंडी आणि सोयाबीनच्या कुटाराची धूळ. 'पंपाची सवय लागते' म्हणून बरे वाटताच पंप फडताळात जातो. ओढला तरी औषध घशातच राहते.

म्हणून वाचकहो, घरी निघताना रुग्णाला परिचारिकेसमोर पंप ओढून दाखवायला लावा. पुढच्या तपासणीची तारीख आणि श्वासाचे व्यायाम विचारून घ्या, फ्लूची लस दरवर्षी टोचा. कफ वाढला, त्याचा रंग पालटला की थांबू नका.

आणि या दिवाळीत गावी जाल, तेव्हा आजीच्या चकल्यांची तारीफ करण्याआधी त्या कशावर तळल्या, तेवढे डोकावून पाहा.