चाळीस हजार चाव्या आणि एक डबा

चला, भुसावळ-जळगाव मार्गावर एका कीमनच्या, म्हणजे रोज पायी चालत रूळ तपासणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या, मागोमाग निघू. खांद्यावर हातोडा, पिशवीत लाल झेंडी आणि धोका दिसला तर रुळावर लावायचे फटाके. त्याची बीट, म्हणजे रोज तपासायचा टप्पा, धरू ६ किलोमीटरची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. दिवसाचे १२ किलोमीटर. एवढंच? थांबा, आता मोजायला घेऊ!

किलोमीटरला १,६६० स्लीपर, म्हणजे ६ किलोमीटरला ९,९६०. सिमेंटचा एक स्लीपर पावणेतीनशे किलोच्या वर. एकट्या माणसाच्या बीटमध्ये २,८०० टन स्लीपर! १२३ टनांची २२ विजेची इंजिनं एकावर एक रचा, तरी हे वजन वरचढच. आणि खालची खडी? मीटरमागे सुमारे २ घनमीटर, म्हणजे १२,००० घनमीटर. २० फूट रुंद, ४० फूट खोल अशा ३३ विहिरी काठोकाठ भरा, तरी खडी उरते!

आता खरी गंमत. रूळ स्लीपरला धरून ठेवते ती वाकड्या पोलादाची चावी. प्रत्येक स्लीपरला ४. बीटमध्ये ३९,८४० चाव्या! एकही निसटलेली चालत नाही, कारण खानदेशातलं ऊन. मुंबई-पुण्याएवढा, १९२ किलोमीटरचा, रूळ मोकळा सोडला आणि तो ५० अंशांनी तापला, तर तो ११० मीटर वाढेल. रेल्वेचे चार डबे ओळीने उभे करा, तरी जागा शिल्लक! पण सलग जोडलेल्या रुळाला वाढायला वावच नसतो. ३० अंश जास्त तापला की एका रुळात ५५ टनांचा रेटा, दोन्हींत मिळून ११० टन. तो रेटा दाबून धरतात खडी, स्लीपर आणि या चाव्या. त्यांच्यावर नजर एकाच माणसाची.

वर्षाला कामाचे ३०० दिवस धरा. ३,६०० किलोमीटर! मुंबई-पुणे पायी जवळजवळ १९ वेळा, तेही दर वर्षी. ३० वर्षांच्या नोकरीत १,०८,००० किलोमीटर, पृथ्वीला अडीच फेऱ्या मारून वर आणखी चालणं. पायाखालून गेलेले स्लीपर जवळपास १८ कोटी. आणि पाहिलेल्या चाव्या? ३५ कोटी ८५ लाखांच्या वर! एका नजरेला एक रुपया दिला असता, तर रेल्वे क्वार्टरमध्ये पस्तीस कोटींचा धनी राहिला असता. मला तरी हा दर मुळीच जास्त वाटत नाही.

पण हिशेब इथे थांबवला तर अर्धाच राहील. क्वार्टरमधली त्याची बायको त्याच्याही आधी उठते. त्याच्या डब्यात ज्वारीच्या ४ भाकऱ्या जातात असं धरू. मुलांच्या, सासूबाईंच्या, तिच्या स्वतःच्या भाकऱ्या वेगळ्या. त्या मोजतच नाही. त्याच ३० वर्षांतले कामाचे ९,००० दिवस, ३६,००० भाकऱ्या! चाव्यांच्या आकड्याला भिडायला आल्या की नाही? एक भाकरी २० सेंटिमीटरची. एकीला एक लावून रुळाकडेने मांडत चला. पहिला किलोमीटर भरला, तिसरा भरला, सहावा भरला, नवऱ्याची बीट संपली, आणि तिच्याकडे अजून १,२०० मीटर भाकऱ्या शिल्लक आहेत!